हिरवी वायर

खांबेटे काकांच्या घरात सकाळ व्हायची ती काकूंच्या ओल्या फडक्याने. आंघोळ करून, केसांना पंचा गुंडाळून त्या बाहेर यायच्या आणि देवाला हात लावायच्या आधी दारापासून देवघरापर्यंत वाटेत येईल ते सगळं पुसून काढायच्या. दाराची कडी, चपलांचं कपाट, टीव्ही, टेलिफोन, शोकेसच्या काचा. अनवाणी पाय, हाताला पाणी, तोंडाने काहीतरी पुटपुटणं चालू. मी हॉलमधल्या खाटेवर जागाच असायचो, पण डोळे मिटून पडून राहायचो, कारण आपण उठलो तर त्यांच्या वाटेत येऊ, अशी मला भीती वाटायची. त्या काळात मला बऱ्याच गोष्टींची भीती वाटायची. ग्लास पडेल, आंघोळीला जास्त पाणी जाईल, भात मागितला तर हावरट वाटेन. दुसऱ्याच्या घरात पोट भरणाऱ्या माणसाचे कान फार तिखट होतात. स्वयंपाकघरात झाकण जरा जोरात पडलं तरी मला वाटायचं, आपल्यावरचा राग आहे.

माझं गाव नांदेडच्याही पुढे. नववीत दोनदा बसलो. तिसऱ्या वर्षी माझा धाकटा भाऊ पास होत होत त्याच वर्गात आला आणि माझ्याच बाकावर येऊन बसला. त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी दप्तर त्याच्यापाशी ठेवलं आणि परत गेलो नाही. ठाण्याला चुलतभाऊ होता. त्याच्या भरवशावर एसटीत बसलो आणि खोपटच्या डेपोत उतरलो, तेव्हा अंग इतकं आखडलं होतं की पायरी उतरताना दांडा धरावा लागला. भावाने मला डोंबिवली पूर्वेला शिंदेमामांच्या टीव्ही-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात लावून दिलं. तिथेच मागे उघड्या पडलेल्या टीव्हींच्या सांगाड्यांमध्ये मी झोपायचो. हात बरा होता माझा. सोल्डरचा डाग द्यायला बसलो की कथील नीट पसरायचं, हे एक देवाने दिलेलं होतं.

खांबेटे काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घ्यायला ते दुकानात यायचे आणि बाकावर बसून माझं काम बघायचे. एकदा त्यांनी विचारलं, "जेवण कुठे करतोस रे?" मी म्हटलं, वडापाव. "आणि संध्याकाळी?" शिंदेमामाच म्हणाले, "संध्याकाळी पण तोच." दुसऱ्या दिवशी काका काकूंना घेऊन आले. काकूंनी मी झोपायचो ती जागा पाहिली, एका सांगाड्यावर बोट फिरवून धूळ पाहिली आणि म्हणाल्या, "विनूची खाट रिकामीच आहे." विनू म्हणजे त्यांचा मुलगा, हैदराबादला नोकरीला. एवढ्यावर माझं ठरलं. दिवसा दुकान, बाकीचा वेळ त्यांचं घर. ते असं का वागले हे मला आजही नीट कळलेलं नाही. आज माझ्या स्वतःच्या घरात खाट रिकामी आहे आणि मी कुणालाही आणलेलं नाही, हे लिहिताना ध्यानात येतं.

काकू माझ्या बोलीची थट्टा करायच्या. मी ताटावरून हाक दिली, "काकू, मी जेवायलो," की आतून, "जेवायलो म्हणजे काय? जेवलास का जेवायचायस?" काका म्हणायचे, "अगं, जेवतोय तो." "मग तसं सांगावं माणसाने. मी इथे पोळी टाकू का नको?" मुगाची खिचडी, वर तुपाची धार, भाजलेला पापड. शनिवारी डाळिंब्यांची उसळ. डाळिंब्या सोलायला मी बसायचो, आणि सोलता सोलता काकू मला दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरायला सांगायच्या. मी हो म्हणायचो आणि विषय बदलायचो.

त्या हॉलमध्ये शोकेसशेजारी एका वेगळ्या स्टुलावर काकांचा ॲम्प्लिफायर होता. स्वतः बांधलेला. ॲल्युमिनियमच्या पत्र्याची उघडी चॅसी, मागे दोन काळे ट्रान्सफॉर्मर आणि पुढे पाच काचेचे व्हॉल्व्ह. जुन्या रेडिओत असायचे तसले. बटण दाबलं की त्यांच्या पोटात हळूहळू नारिंगी तार उजळायची. काका सकाळी साडेसहाला तो तापायला लावायचे आणि सातला ऐकायला बसायचे. डीव्हीडी प्लेयरवर तबकडी, डोळे मिटलेले, मांडीवर बोट. गाण्यातलं मला काही कळत नव्हतं. पण तो आवाज खोलीत कसा यायचा ते कळायचं. गाणारा माणूस शोकेस आणि खिडकीच्या मधल्या जागेत येऊन उभा राहिल्यासारखा.

त्याच्या पाठीमागे मात्र सतत एक घूं असायची. गाण्यात थोडी शांतता आली की ती वर यायची. दुकानात आम्ही तिला हमिंग म्हणायचो. रविवारी ठाण्याहून काकांचे जुने सहकारी नेने ऐकायला यायचे. भारी माणूस. पोहे संपेपर्यंत काही बोलायचे नाहीत, मग डिश खाली ठेवून म्हणायचे, "खांबेटे, गवई झकास आहे. पण त्याच्या मागे हा तंबोरा कोण लावून बसलंय?"

"नेन्या, तू ऐकायला येतोस का पोहे खायला?"

"पोह्यांत काही दोष नाही, म्हणून बोललो नाही."

काका हसायचे, पण नेने गेल्यावर बराच वेळ चॅसीकडे बघत बसायचे. आठ महिने लावून बांधलेली वस्तू. अशाच एका रविवारी ते मला म्हणाले, "दिगंबर, ही घूं तू काढ बघू. माझे डोळे आता आत पोचत नाहीत." मला त्या घरात येऊन तेव्हा चार महिने झालेले. तोपर्यंत कुणी मला काही मागितलं नव्हतं. मी मान हलवली, आणि त्या क्षणापासून ती घूं माझी झाली.

काम करायला त्यांनी मला त्यांच्या पद्धतीने शिकवलं. चॅसी उलटी करून उशीवर ठेवायची. "आत तीनशे व्होल्ट आहेत. चालू असताना हात घालशील तेव्हा डावा हात खिशात. दोन्ही हात आत गेले की करंट छातीतून जातो." मी विसरलो की ते काही न बोलता माझा डावा हात धरून खिशात घालायचे. आवाजाचं बटण शून्यावर आणलं तरी घूं कमी होत नव्हती, म्हणजे दोष बटणाच्या पुढचा. पुढचा छोटा व्हॉल्व्ह काढून ठेवला, तरी थोडी राहिलीच. मोठे कंडेन्सर बदलले. व्हॉल्व्हच्या तारा तापवणाऱ्या वायरी सोडवून, पीळ घालून, कोपऱ्यातून नव्याने फिरवल्या. प्रत्येक वेळी आम्ही चॅसी सरळ करून, स्टुलावर ठेवून, सगळं जोडून बटण दाबायचो आणि वाट बघायचो. अर्धा मिनिट काही नाही. माझ्या मनात आशा. मग व्हॉल्व्ह तापले की ती यायची, लांबून गाडी यावी तशी. घूं.

एकदा मी ॲम्प्लिफायर दुकानात नेला. रिक्षात मांडीवर घेऊन. शिंदेमामांच्या टेबलावर लावला, तर अगदी गप्प. कान लावला, काही नाही. मामा म्हणाले, "पेशंट डॉक्टरकडे आला की बरा होतो, तसलं आहे हे." घरी आणला, जोडला, घूं. मी रडायच्या बेतात आलेलो. काकूंनी ते पाहिलं असावं, कारण त्यांनी मला न विचारता ताटात दुसरी पोळी टाकली.

आज हे सगळं मी घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये लोकांच्या भिंतीएवढ्या टीव्हीला स्पीकर जोडून देणारा माणूस म्हणून लिहितो आहे, तर दोष कुठे होता ते इथेच सांगून टाकतो. तो ॲम्प्लिफायरमध्ये नव्हताच. डीव्हीडी प्लेयरची एक वायर ॲम्प्लिफायरला आणि दुसरी टीव्हीला जायची, आणि टीव्हीला गच्चीवरून, चार इमारती ओलांडून आलेली केबलवाल्याची वायर. त्या वायरीला तिकडची कुठलीतरी कच्ची जमीन, म्हणजे अर्थिंग, लागलेली, आणि ॲम्प्लिफायरला आमच्या इमारतीची. दोन जमिनींमध्ये एक वर्तुळ तयार होत होतं आणि घूं त्यातून, पत्र्यातूनच फिरत होती, म्हणून आवाजाच्या बटणाला दाद देत नव्हती. टीव्हीमागची एक वायर उपटली असती तर पाच सेकंदांत कळलं असतं. पण टीव्ही बंद आहे म्हणजे तो हिशेबात नाही, असं आम्ही दोघेही धरून चाललो. असंच एका टॉवरमधल्या घरी काम करताना हे मला समजलं, तेव्हा काका हयात नव्हते. कुणाला सांगायचं तेच कळेना, तेव्हा त्या घराच्या मालकाला सांगितलं. तो फोनवर बोलत होता.

काकांचा संशय व्हॉल्व्हवर होता. जुन्या व्हॉल्व्हच्या आत गळती होते आणि तीच ऐकू येते, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हे. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्यांच्याकडे वीस-बावीस व्हॉल्व्ह होते, विनूच्या शाळेच्या पांढऱ्या मोज्यांत एकेक गुंडाळून ठेवलेले. प्रत्येकाचं एक कार्ड. त्यावर काकांचं बारीक अक्षर: 'गोड, पण आळशी.' 'नाकात बोलतो.' 'रशियन. दणकट. घरात पाहुणा आल्यासारखा.' एक व्हॉल्व्ह लावायचा, तापू द्यायचा, पेन्सिलीने हलकेच टिचकी मारून खणखणतो का बघायचं, मग तबकडीतलं तेच एक मिनिट ऐकायचं. मग दुसरा. आणि दर वेळी मला विचारायचं, "काय वाटतं?"

मला काही वाटायचं नाही. सगळे सारखेच. मी काकांच्या भुवयांकडे बघायचो. त्या वर गेल्या असतील तर म्हणायचो, "हा जरा मोकळा आहे." ते खूष व्हायचे आणि कार्डावर लिहायचे: 'दिगंबर: मोकळा.' माझं नाव असं कुठे लिहिलेलं मी शाळेच्या हजेरीनंतर पहिल्यांदाच पाहत होतो, आणि ते खोटं होतं. घूं मात्र बाविसांतल्या एकानेही गेली नाही. दीड महिना गेला. मला कुणी म्हटलं नव्हतं की जमत नसेल तर जा. तरी रोज दुकानातून येताना मी जिना रेंगाळत चढायचो.

मग एका शनिवारी काका कल्याणला गेले. तिथे मंडपांना लाउडस्पीकर लावणारे एक म्हातारे गृहस्थ धंदा आवरत होते आणि त्यांच्याकडे जुने, न वापरलेले छोटे व्हॉल्व्ह होते. काकू भाजीला गेलेल्या. दुसऱ्या दिवशी नेने येणार होते. मी एकटाच ॲम्प्लिफायरसमोर बसलो होतो, आणि मला शिंदेमामांचा एक उपाय माहीत होता. गणपतीच्या दिवसांत मंडळांचे ॲम्प्लिफायर घूं करत आले की मामा पाना-पक्कड काही घेत नसत. थ्री-पिनचा टॉप उघडून अर्थिंगची हिरवी वायर काढून टाकत. "तिसरी पिन शोभेची," म्हणायचे. पण मला एकट्याला त्यांनी पुढचंही सांगितलं होतं: "लाकडी पेटीत असेल तरच हां. उघड्या पत्र्याला कधी करू नकोस. आत काही सुटलं तर सगळा पत्रा जिवंत होतो, आणि हात लावणारा जातो."

म्हणजे मला माहीत होतं. हे मी लपवत नाही. मी टॉप उघडला, स्क्रू सैल केला, हिरवी वायर बाहेर ओढली, टोकाला चिकटपट्टी गुंडाळून आतच दुमडली आणि टॉप बंद केला. भिंतीत लावला. बटण दाबलं. अर्धा मिनिट. एक मिनिट. व्हॉल्व्ह पूर्ण उजळले, आणि काही आलं नाही. मी स्पीकरला कान लावला. खाली कुणीतरी जिन्यात चप्पल झटकत होतं, ते मला त्या स्पीकरपाशी बसून ऐकू आलं.

तेवढ्यात काका आले. घामेजलेले, शर्टाच्या खिशात रुमालात बांधलेला व्हॉल्व्ह. मला बोलायला जागाच मिळाली नाही, किंवा मी ती घेतली नाही. त्यांनी बटण बंद करून जुना व्हॉल्व्ह काढला, कल्याणचा लावला, आणि आम्ही वाट बघत बसलो. शांतता. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा व्हॉल्व्हकडे. मग ते उठून खिडकी लावून आले. पुन्हा ऐकलं. "दिगंबर," ते हळूच म्हणाले, "गेली रे." आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. माझ्या वडिलांनी कधी ठेवला नव्हता. त्या हाताखाली खरं बोलणं मला जमलं नाही.

रविवारी नेने आले. डिश खाली ठेवून बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "आज तंबोरेवाला आलेला नाही?" काका म्हणाले, "या पोराने घालवला. व्हॉल्व्ह माझा, पण आतली सगळी वायरिंग याची." नेन्यांनी मला जवळ बोलावून माझे हात उलटसुलट करून बघितले. काकूंनी शिरा केलेला.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी काकू जेवताना म्हणाल्या, "अहो, सकाळी माझ्या बोटांना मुंग्या येतात. झिणझिण्या. उजव्याच हाताला." काका म्हणाले, डॉक्टरकडे जाऊन ये. काकूंनी एकदा बोटं उघडमीट केली. रोज सकाळी साडेसहाला चालू झालेली उघडी चॅसी, आणि पावणेसातला अनवाणी, आंघोळीच्या ओल्या अंगाने, ओलं फडकं घेऊन तिच्यावर फिरणारा तो हात. आत काही सुटलं नव्हतं अजून. नुसता पाझर होता, चिमटा घेण्याइतका. पण तो पाझर जमिनीत नेणारी वायर मी काढलेली होती, आणि आता जमीन म्हणजे काकू होत्या.

डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या. मी सहाला उठायला लागलो. काकू न्हाणीघरात आहेत तोवर कोरड्या कापडाने ॲम्प्लिफायर लखलखीत पुसायचा आणि व्हॉल्व्ह सोडून बाकी पत्र्यावर वर्तमानपत्र टाकून ठेवायचं. काकू यायच्या, बघायच्या. "हे काय नवीन? माझ्या हाताला काटे आहेत?" मी म्हणायचो, व्हॉल्व्हना ओल चालत नाही. "दोन वर्षं चालली की." तरी त्या ऐकायच्या. दोन दिवस मी उशिरा उठलो तर त्यांनी माझ्याआधी पुसलेला असायचा, आणि त्या दिवशी जेवताना त्या बोटं चोळायच्या. रविवारी दुपारी टॉप उघडून वायर परत लावू असं मी रोज ठरवायचो. पण मग घूं परत येणार, आणि काका विचारणार. मी काय सांगणार? हळूहळू काकूंच्या मुंग्या थांबल्या, कारण त्या फडक्याला आता ॲम्प्लिफायर लागत नव्हता. त्या म्हणाल्या, "गोळ्या लागू पडल्या हो." डॉक्टरांनी अजून तीन महिने घ्यायला सांगितल्या. व्हॉल्व्हने घूं घालवली, गोळ्यांनी मुंग्या, आणि मी शहाणा मुलगा. मला वाटायचं, कुणीतरी येऊन माझी मान धरावी आणि हे सगळं बोलून टाकावं. कुणी येत नव्हतं.

मग घरून निरोप आला की ताईचं लग्न ठरलं. पाच दिवस जायला हवं होतं. काकूंनी ताईसाठी साडी दिली, शिदोरीला दशम्या बांधल्या. एसटी खोपटहून सकाळी सातची. पहाटे निघताना मी ॲम्प्लिफायर पुसला, वर्तमानपत्र टाकलं. काकूंना म्हटलं, "मी येईपर्यंत याला हात लावू नका हां, मी आल्यावर करतो." काकू म्हणाल्या, "पाच दिवसांची धूळ ठेवू होय घरात? लग्नाला जायलास ना, जा आता." मला चिडवायला त्या माझ्यासारखं बोलल्या.

डेपोत गाडी लागलेली. मी खिडकीशी बसलो. सहा चाळीस झाले. समोर खांबावर घड्याळ होतं आणि मला त्यावरून नजर काढता येईना. आता काकांनी बटण दाबलं असेल. आता काकू बाहेर आल्या असतील. कडी. चपलांचं कपाट. शेजारच्या बाईंनी विचारलं, "बरं वाटत नाही का रे?" मी पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली, बहुतेक काही न सांगताच, आणि उतरलो. टेलिफोनवाल्याचं शटर अर्धं वर होतं, खालून वाकून आत गेलो. दोनदा नंबर चुकला. तिसऱ्यांदा लागला आणि वाजत राहिला.

"हॅलो." काकू होत्या.

"काकू, पुसायचं कुठवर आलंय?"

"काय?"

"पुसत पुसत कुठवर आलात?"

"टीव्ही झाला. पुढे फोनच होता, तेवढ्यात तो वाजला. तू आहेस कुठे? गाडी चुकली का?"

"ॲम्प्लिफायरला हात लावू नका. काकांना द्या."

"आता त्याचं सोवळं का काय?"

"द्या ना, काकू."

माझा आवाज त्यांना वेगळा वाटला असणार. काका आले. "बोल."

"काका, अर्थिंग काढलंय मी. टॉपमधली हिरवी वायर. तुम्ही कल्याणला गेला होतात तेव्हा."

"म्हणजे नेन्याने जे ऐकलं..."

"हो."

"व्हॉल्व्ह नव्हता."

"नाही."

ते अगदी सावकाश म्हणाले, "आणि हिची बोटं." ते विचारत नव्हते. रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, चपला गेल्या, भिंतीतून टॉप उपटल्याचा आवाज, आणि लांबून काकू, "अहो, तापायला लावलाय ना, मग बंद का केलात?" काकांनी त्यांना काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळाने ते परत आले.

"गाडी आहे का अजून?"

"आहे."

"मग जा. बहिणीचं लग्न आहे." फोन ठेवला.

परत ये, असं ते म्हणाले नव्हते. चौदा-पंधरा तासांच्या वाटेत मी तेवढंच शोधत होतो, की म्हणाले असतील आणि मला ऐकू आलं नसेल. लग्नात मी वाढायला होतो. अक्षतांच्या वेळी सगळे वर बघत होते आणि मी डोळे पुसत होतो. आई म्हणाली, बहिणीसाठी रडायला लागलाय. तेही मी तसंच राहू दिलं.

पाचव्या दिवशी बुंदीची पुडी घेऊन जिना चढलो. दार काकूंनी उघडलं. "आलास? हातपाय धू." त्यांनी ताट वाढलं. मी बसलो, पण पहिल्या घासाला हात जाईना. त्या समोर बसल्या आणि नेहमीच्याच आवाजात, डाळीची चव सांगावी तशा म्हणाल्या, "माझ्या आईचं बोटांपासूनच सुरू झालं होतं. आधी मुंग्या, मग हात, मग अर्धं अंग. नऊ वर्षं अंथरुणावर होती. हे मी यांना बोलले नाही, विनूला बोलले नाही. रोज फडकं पिळताना बघायचे, आज किती बोटं जागी आहेत. एक महिना. आणि तू इथेच बसून जेवत होतास."

मी म्हटलं, "हो."

"भीती कसली वाटली तुला? आम्ही हाकलू?"

मी होकाराची मान हलवली. "तसं मनात आलं होतं यांच्या," त्या म्हणाल्या. "एक दिवस. मग म्हणाले, फोन त्यानेच केला." आणि त्यांनी माझ्या थंड झालेल्या भातावर गरम आमटी वाढली.

जेवण झाल्यावर काका हॉलमध्ये होते. ॲम्प्लिफायर स्टुलावर बंद, टॉप जमिनीवर. त्यांनी त्याला हात लावलेला नव्हता. स्क्रू-ड्रायव्हर माझ्यापुढे धरला. "तू काढलीस, तू लाव." मी टॉप उघडला. चिकटपट्टी काढली. वायर पुरेना, ओढून घेतली तेव्हा माझा हात थांबवून ते म्हणाले, "अशी नाही. बाकीच्या दोन वायरी आखूड कर. हिरवी त्यांच्यापेक्षा बोटभर लांब ठेवायची. कुणी ओढली, कुणाचा पाय अडकला, तर आधी त्या दोन तुटल्या पाहिजेत. ही सगळ्यांत शेवटी." मी तशी लावली आणि टॉप भिंतीत बसवला. मग मी तळहात पाण्याने ओला केला, बटण दाबलं आणि तो चॅसीवर ठेवून उभा राहिलो. मला काही झालं नाही. काका काकूंकडे वळले. "ये. लाव हात."

काकू जागच्या हलल्या नाहीत. इतक्या वेळात पहिल्यांदा मला त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली, खरीखुरी, आणि ती मी तिथे ठेवलेली होती. मग त्या आल्या, उजव्या हाताची बोटं त्यांनी पत्र्यावर टेकवली आणि डोळे मिटले. व्हॉल्व्ह एकेक करून उजळत होते. लांबून घूं यायला लागली, वाढली, खोलीभर झाली. काकांनी ती बंद केली नाही. आम्ही तिघं ती ऐकत उभे राहिलो, काकूंची बोटं तिथून उचलली जाईपर्यंत.